कळ उतरेस्तोवर

ऐका. आन् हात चालू ठेवा. हात थांबला की गोष्ट थांबली, आधीच सांगते. ए सदा, तोंडात टाकलीस ती शेंग मी बघितली बरं का! बियाण्याच्या आहेत त्या, फुकटच्या न्हाईत. हां. तर मघाशी कोण विचारत होतं, की तालेवाडीला खाणीकडच्या पाणंदीनं गेलं तर अर्धा तास लागतो, मग सगळं गाव पुलावरनं वळसा घालून का मरतंय? तूच ना गं सुनंदा? बरं विचारलंस. नवी सून आलीस, तुला ठाऊक पाहिजे. लाईट कधी येईल ठाऊक न्हाई, कंदील जरा बारीक कर, रॉकेल जळतंय. आता ऐक.

ह्या गोष्टीला पंचावन्न वर्षं झाली. तवा गावात लाईट न्हवती. दवाखाना तालुक्याला, आन् तालुक्याला जायचं तर बैलगाडीनं. बाया घरातच मोकळ्या व्हायच्या. मोकळ्या व्हायच्या न्हाईतर जायच्या, काय असेल ते.

तालेवाडीला चिमाक्का म्हणून सुईण होती. उंच, काळी, हनुवटीवर गोंदलेलं. तोंडानं अशी तिखट की पुरुषमाणसं वाट सोडायची. पण हात! काय सांगू बाई त्या हाताचं! बाईला कळ आली की माकडहाडाच्या वर दोन्ही तळहात रोवायची, आन् कळ चढेल तसा अंगाचा भार घालत जायची. कळ उतरली की कोमट तेल घेऊन हलक्या हातानं पाठ चोळायची, वरनं खाली, वरनं खाली. बाया म्हणायच्या, अक्काचा हात पडला की कळ निम्मी.

आन् तिचा एक नेम होता. कळ चढलेली असताना हात काढायचा न्हाई. घर पेटलं तरी न्हाई. कळ उतरली की काढ, पाणी पी, पान खा. पण चढलेली असताना न्हाई. ती म्हणायची, "बाई तवा विहिरीत उतरलेली असती गं. आपला हात म्हंजे दोर."

तिची एकुलती लेक अनशी, म्हणजे माझी थोरली जाऊ. ह्याच घरात दिलेली. पहिलं पोर माहेरी झालं, दुसरं इथं होणार होतं. आन् मी नवी नवरी, लग्नाला सहा महिने, मला ह्यातलं ओ की ठो कळत न्हवतं.

आवसेचा दिवस. पहाटेपासनं अनशीला कळा. सगळ्या कंबरेत! पोर पाठीला पाठ लावून बसलेलं, म्हणजे कंबर नुसती फुटायची. सासू मला म्हणली, चोळ. मी चोळतेय, तर अनशी ओरडतेय, "अगं वर न्हाई, खाली! मेले, खाली!" मी खाली चोळलं की म्हणायची, वर. दोघीपण रडायला लागलो. मामंजींनी सकाळीच एका गड्याकडनं तालेवाडीला निरोप धाडला. तो मुडदा वाटेत कुस्त्यांच्या फडात रमला. निरोप पोचला दिवेलागणीला! त्याचं पुढं काय झालं ते विचारू नका, मामंजींनी त्याला अख्ख्या गावासमोर धुतला.

चिमाक्का ऐकल्या पावली उठली. कंदील घेतला, तेलाची बाटली कमरेला खोचली, निघाली. शेजारीण म्हणली, "अक्का, आवस हाय. पुलावरनं जा." चिमाक्का म्हणली, "पुलावरनं दीड कोस जास्त. तवर माझी लेक तग धरंल व्हय? शेकड्यानं पोरं काढली मी. मला कोण खातंय?"

आन् शिरली पाणंदीत.

आता ती पाणंद कशी, ते सुनंदाला सांगते. दोन्ही बाजूला घायपात आन् निवडुंग, माणसापेक्षा उंच. मधे गाडीभर वाट. अर्धा कोस ना डावीकडं बाहेर पडता येतं, ना उजवीकडं. शिरलं की पुढं जायचं, न्हाईतर आल्या वाटेनं मागं. दुसरं काही न्हाई. वारा आत येत न्हाई. स्वतःच्या पायाचा आवाज दोन्हीकडनं येतो, जसं काय कुणीतरी सोबत चालतंय.

निम्म्या वाटेत गेली आन् आवाज आला. "आई गंऽऽ... कंबर गंऽऽ..."

तुम्ही असता तर पळाला असता. मी असते तर मीपण. पण सुईणीचा कान निराळा. चोराची रड, सोंगाची रड, नवऱ्यानं मारल्याची रड, तिला सगळ्या ओळखू येतात. आन् ही कळेची रड होती. खरी.

कंदील वर केला. वाटेच्या कडेला एक बाई उकिडवी बसलेली. तोंड कुंपणाकडं, पाठ हिच्याकडं. दोन्ही हातांनी एक दगड धरलेला. लुगड्याच्या चिंध्या. केस मोकळे.

"कोण गं? कुणाची?"

"खाणीवरची हाय, माय. कंबर चोळ गं. जराशी."

"बाई, माझी लेक अडलीया तिकडं. पुढं वस्तीवरनं मानसं धाडती तुला..."

तेवढ्यात तिला कळ चढली. पाठ अशी धनुकलीवानी वाकली, आन् चिमाक्काचा हात आपोआप गेला. चाळीस वर्षांची सवय. सुईण आधी बाईचं तोंड बघते. विचारते, कितवं, कधीपासनं कळा, पाणी गेलं का. त्या रातीला लेकीच्या घाईत चिमाक्कानं काही विचारलं न्हाई. हात आधी गेला. तिथंच घात झाला!

दाबतेय. कळ चढतेय. चिमाक्का मनात मोजतेय. कळ कितीही जोराची असू दे, शंभर मोजेस्तोवर उतरायला लागते. तिनं शंभर मोजले. दीडशे मोजले. दोनशे. कळ चढतीच!

"कसली गं कळ तुझी," चिमाक्का म्हणली. बाई नुसती कण्हतेय.

पाचशे मोजले. पाठ गार. कळेतली बाई घामानं गार पडते म्हणून आधी वाटलं न्हाई काही. पण हा घाम न्हवताच. पाठ कोरडी होती. कोरडी आन् गार, सावलीतल्या दगडासारखी. मग तिचं ध्यान कंदिलाकडं गेलं. बाजूला ठेवलेला. ज्योत हलत न्हाई. वारा न्हाई म्हणून न्हवं, ज्योत थिजलीया. किडा वाजत न्हाई. पान हलत न्हाई. वर बघितलं तर चांदण्या मघाशी होत्या तिथंच.

चिमाक्का भ्याली. तरी हात काढला न्हाई, नेम तो नेम. अंगठ्यानं मणके चाचपत वर निघाली, म्हणलं कुठं गाठ आहे बघू. एक मणका, दोन मणके, दहा, वीस, तीस... मणके संपेचनात! हात वर जातोय, जातोय, खांदे म्हणून येत न्हाईत. घाबरून हात खाली आणला, तर तो परत कंबरेवर. आन् तवा तिची नजर खाली गेली. बाई पाठमोरी बसलीया, पण पायाची बोटं हिच्याकडं!

आता का सरकता रे जवळ? मघा तर हसत होता.

चिमाक्कानं हात ओढला. बोटं उचलली. तळवे उचलेनात. जोर लावला, तर चिखलात पाय रुतावा तसे तळवे आत गेले. मनगटापर्यंत! आन् ती बाई, तोंड न वळवता, अगदी हळू आवाजात म्हणली, "कळ चढलीया माय. तुझा नेम हाय न्हवं?"

"सोड मला. माझी लेक मरंल."

"मी कुठं धरलंय? कळ उतरली की जा."

आन् मग त्या पाणंदीत, जिथं किडा वाजत न्हवता, तिथं अनशीचा आवाज आला. हितनं, ह्या घरातनं, अर्ध्या कोसावरनं, कानाशी बोलावं तसा. "आईऽ! आई गं, कुठं हाईस?"

तो आवाज खोटा न्हवता बाळांनो. मी हितं होते. अनशी त्याच वेळी तसंच ओरडत होती. मी दोन्ही कानांनी ऐकलंय.

चिमाक्का तडफडली. "आले गं पोरी! आले!" पण येणार कशी? हात कोपरापर्यंत आत. थंडी दंडातनं खांद्याकडं चढतेय. पाणंद दोन्ही बाजूंनी जवळ आल्यागत. घायपाताचे काटे खांद्याला लागायला लागले. आन् ती बाई म्हणतेय, "ऐकलंस? तिची पण चढली. तिच्या पाठीवर कुणाचा हात हाय? एका कवळ्या पोरीचा. कुठं दाबायचं ते बी ठावं न्हाई तिला." तो हात माझा गं. माझ्याबद्दल बोलत होती! "माझ्या पाठीवर तर तेवढा बी न्हवता."

हे ऐकलं आन् चिमाक्काच्या हाताला काहीतरी लागलं. आत रुतलेल्या हाताला. डाव्या कुशीकडं एक मणका सरकलेला, तिथं खळगा. दगडाच्या पाट्या वाहून वाहून पडलेला. माणसं तोंडं लक्षात ठेवतात, चिमाक्का पाठी लक्षात ठेवायची. असा खळगा तिनं आयुष्यात एकदाच चोळला होता.

"यल्लू," ती म्हणली. "यल्लू हाईस तू."

बाईचं कण्हणं थांबलं.

आता हे चिमाक्कानं उभ्या जन्मात कुणाला सांगितलं न्हवतं. मला सांगितलं, मरायच्या आधी. त्या रातीच्या नऊ वर्षं आधी पाणंदीच्या तोंडाशी खाणीवरच्या लोकांची पालं होती. त्यातली ही यल्लू, पहिलटकरीण. रातीला अडली. नवरा पाया पडून चिमाक्काला घेऊन आला. चिमाक्का बसली, चोळायला लागली. आन् मध्यरातीला इनामदारांची गाडी आली. त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. गडी म्हणला, आत्ताच्या आत्ता चल. इनामदारांना न्हाई म्हणायची कुणाची छाती होती तवा? पण खरं सांगायचं तर नुसती भीती न्हवती. तिकडं लुगडं मिळणार होतं, मान मिळणार होता. हिकडं पालातली बाई. यल्लूची कळ ऐन भरात होती. चिमाक्कानं हात काढला. "आलेच" म्हणली, आन् गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सांजेला आली. अंगावर इनामदारांचं नवं लुगडं. पालं उठली होती. चुली विझलेल्या. पोर पोटातच राहिलं, आन् यल्लू गेली. एवढंच तिला कळलं.

"नऊ वरसं झाली," यल्लू म्हणली. "उतरली न्हाई गं कळ. तू हात काढलास, मी तितंच हाय."

चिमाक्का ढसाढसा रडली. म्हणली, "मी चांडाळीण हाय. माझा जीव घे. पर माझ्या लेकीला दोष न्हाई. तिला मोकळी करून येती, मग घे मला."

"आलेच म्हनशील," यल्लू म्हणली. "मागं बी म्हनलीस."

थंडी छातीपाशी आली होती. आन् हिकडं अनशीचा आवाज बारीक व्हायला लागला. सुईणीला कळतं. ओरडते तवर बाई शाबूत. आवाज बसायला लागला की समजायचं, हातची चालली. ती हिकडं मरतेय, ही तिकडं जखडलेली, मधे अर्धा कोस!

मग चिमाक्कानं काय केलं, ऐका. पळायचा नाद सोडला. हात ओढायचा सोडला. म्हणली, कळ उतरली की जायचं ना? मग कळ उतरवायची. आन् नुसती पाठ चोळून कळ उतरत न्हाई. पाठ चोळून ती सोसता येते फक्त. उतरायची तर बाईनं ती रेटून पार करावी लागते, आन् त्याला समोर माणूस लागतं.

पण समोर जायचं म्हणजे तोंड बघायचं! नऊ वर्षांमागं मेलेल्या बाईचं तोंड!

हात न ओढता, तसेच कंबरेत रुतलेले ठेवून, गुडघ्यावर सरकत सरकत ती वळसा घालून समोर गेली. निवडुंग पाठीत घुसले. रक्त आलं. दोन्ही हात यल्लूच्या कमरेमागं, म्हणजे मिठीच मारली म्हणा ना. आन् मान वर करून बघितलं.

काय दिसलं? मीपण विचारलं होतं तिला. वाटलं होतं सुळे सांगंल, डोळ्यांच्या खाचा सांगंल. ती म्हणली, "पोर होती गं. मिसरूड न फुटलेल्या पोराएवढं वय. भ्यालेली होती."

चिमाक्का तिला म्हणली, "यल्लू, टाक डोकं माझ्या खांद्यावर. धर मला. ह्या कळंला मी हाय. आता दे जोर!"

आन् यल्लूनं जी किंकाळी फोडली! बाबांनो, ती ह्या घरात ऐकू आली. गोठ्यातली म्हैस दावं तोडून उठली. गावातली सगळी कुत्री एकदम रडायला लागली. माझ्या हातातली तेलाची वाटी पडली. तिकडं चिमाक्काच्या मांडीवरनं गार वारं वाहून गेलं म्हणे, ओलं, मातीच्या वासाचं. दुसरं काही न्हाई. पोर न्हाई, काही न्हाई. पण कळ उतरली. कंदिलाची ज्योत फडफडली. किडे वाजायला लागले. हात सुटले!

यल्लू खांद्यावर डोकं ठेवून धापा टाकत होती. म्हणली, "परत चढंल."

"ठावं हाय."

"येशील?"

गप राहून पळायचं ना? पण चिमाक्का म्हणली, "येती. लेकीला मोकळी करती आन् येती." आन् कंदील तिथंच टाकून पळत सुटली.

दहा पावलं गेली नसंल, मागं कळ चढली! आन् कळेतल्या बाईला कसलं भान? शिव्या देते, खोटं बोलते, धरून ठेवते. मागनं आवाज आला, "आई! मी हितं हाय गं, मागं! मागं बघ की!" अगदी अनशीचा. म्होरनं, जिकडं खरी अनशी होती, तिकडं सगळं चिडीचूप. चिमाक्काचा पाय अडखळला. मान वळलीच होती, अर्धी. घायपातानं लुगडं धरलं. केसात बोटं शिरली, गार. तशीच फरफटत, हिसडे देत पाणंदीच्या तोंडापाशी आली, तवा तिथं उजेड दिसला. किंकाळी ऐकून मामंजी टेंभा घेऊन आले होते. ते आत शिरले न्हाईत, खोटं कशाला बोलू. पण हात पुढं केला, आन् चिमाक्काचा दंड धरून तिला बाहेर ओढली. पुढं कित्येक दिवस म्हणत होते, बाईचा दंड न्हवता तो, हिवाळ्यातला नांगराचा फाळ होता.

पदराची निम्मी पट्टी पाणंदीत राहिली. केसांचा झुपका राहिला.

घरात आली. मला कोपरानं बाजूला सारलं आन् अनशीच्या पाठीवर हात रोवले. अनशी डोळे मिटून पडलेली, ती दचकली. "आई गं, किती गार!" आन् एकदम तिचा श्वास मोकळा झाला. म्हणली, "तितंच. तितंच दाब." गेलेला आवाज परत आला. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

पहाटेपर्यंत ते हात हलले न्हाईत. मधे एकदा मागच्या भिंतीपलीकडनं हाक आली. "अक्काऽ, चढली गंऽ." मी ऐकली. सासूनं ऐकली. चिमाक्का मान न वळवता म्हणली, "थांब. माझा हात मोकळा न्हाई." हाक थांबली.

कोंबडा आरवला आन् पोर झालं. तोच तुमचा तात्या, जो आत घोरतोय. चिमाक्कानं नाळ कापली, पोराला अनशीच्या कुशीत दिलं, हात धुतले. चहा ठेवला होता, प्याली न्हाई. तेलाची बाटली उचलली.

मी म्हणलं, "अक्का, कुठं?"

"सांगून आलीया," म्हणली. आन् उजाडत्या उन्हात परत त्याच पाणंदीत गेली.

दुपारी आली. जिवंत. मग दर आवसेला जायची, अकरा वर्षं. सोबत कुणाला घेतलं न्हाई. मी विचारलं होतं, "ती सुटली का गं?" म्हणली, "एका रातीपुरती उतरती." हात मात्र परत कधी ऊन झाले न्हाईत. चुलीतला निखारा हातानं उचलायची, कळायचं न्हाई तिला.

मरायला टेकली तवा अनशीला बाहेर पाठवलं, आन् मला जवळ घेतलं. हे सगळं सांगितलं. तवर माझा हात चांगला बसला होता, गावातल्या चार बाया मीच मोकळ्या केल्या होत्या. म्हणली, "आता तू जाशील न्हवं? आवसंच्या आवसंला?" माझा हात घट्ट धरलेला तिनं. मी म्हणलं, "जाईन अक्का. तू निवांत जा." ती निवांत गेली.

आन् मी न्हाई गेले.

एकदा पण न्हाई. पहिल्या आवसेला तेल कोमट केलं होतं. पाणंदीच्या तोंडापर्यंत गेले. आतनं कण्हणं ऐकू आलं, आन् पळून आले. मग म्हणलं पुढच्या आवसेला जाऊ. मग पोरांचं बघ, संसाराचं बघ. चव्वेचाळीस वर्षं गेली.

म्हणून सांगते, त्या वाटेनं जाऊ नका. दिवसा न्हाई, रातीला न्हाई, कितीही घाई असू दे. सुनंदा, तू तर अजिबात न्हाई, तुझा जीव लई मऊ आहे, हात घालशील. पुलावरनं जायचं. दीड कोस तर दीड कोस. पूर्वी ती अक्का म्हणून हाक मारायची. खाणीवरचे गडी सांगतात, आता अक्का म्हणत न्हाई. भामा म्हणते. "भामे, चढली गं."

भामा कोण म्हणून काय विचारतोस सदा? आजी आजी करता, आजीला नाव नसतं व्हय?